दचकण्याचं उद्दिष्ट

आमच्या कॉलेजात 'समजणे' या शब्दावर बंदी आली त्या दिवशी चहासोबत समोसे होते. सभागृहातल्या बहुतेकांचं लक्ष समोशांकडे होतं, त्यामुळे बंदी बिनविरोध मंजूर झाली.

ती आणली केतकी निमगावकर नावाच्या बाईनं. बोधपट्टी बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीची ती सल्लागार. तिशीची असेल. बोलणं स्वच्छ, कपडे स्वच्छ, डोकंही स्वच्छ, आत काही अडकलेलं नाही. रुग्णालयात ती बहुधा जन्माला आली तेव्हाच काय ती गेली असावी. आणि ती आम्हाला, नर्स घडवणाऱ्या माणसांना, नर्सच्या शिक्षणाची उद्दिष्टं कशी लिहावीत ते शिकवत होती.

"उद्दिष्टाच्या शेवटी जी क्रिया येते ती मोजता आली पाहिजे," ती म्हणाली. "'विद्यार्थिनीला समजेल' हे चालणार नाही. 'जाणीव होईल' नाही. 'संवेदनशील बनेल' तर अजिबात नाही."

"मग काय चालेल?" मी विचारलं.

"सांगेल, ओळखेल, वेगळं काढेल, करून दाखवेल. आणि आता बोधपट्टी आल्यापासून सगळ्यात सोपं म्हणजे, दचकणार नाही."

"कोण दचकणार नाही?"

"विद्यार्थिनी, सर."

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. प्राचार्य बोंद्रे यांनी वळून पाहिलं आणि हसणं थांबलं. बोंद्रे व्यवस्थापनशास्त्र शिकून आलेले. इंजेक्शन घेतानाही डोळे मिटतात. तरी नर्सिंग कॉलेजचे प्राचार्य आहेत, कारण त्यांना तक्ते भरता येतात.

माझं नाव प्रमोद धोटे. उमरेडच्या या कॉलेजात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. माझी बायको रजनी इथेच शिकवायची. गेल्या दिवाळीआधी ती गेली. पोटाचा कॅन्सर होता. ती गेल्यावर तिचा विषय कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून तो माझ्याकडे आला. विषयाचं कागदावरचं नाव 'रुग्णनिरीक्षण'. मुली त्याला 'बसायचा तास' म्हणायच्या.

बोधपट्टी काय आहे ते सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आणि यंत्रावर माझा राग नाही, हेही सांगून टाकतो. यंत्र चांगलं आहे.

आपला मेंदू डोळ्यासमोर काय येणार याचा सतत अंदाज बांधत असतो. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तेव्हा जो धक्का बसतो, तो चुकलेल्या अंदाजाचा धक्का. असे लहान लहान धक्के दिवसभर बसत असतात, आपल्याला कळतही नाहीत. धक्का बसला की सेकंदाच्या आत कवटीवर विजेची एक बारीक लाट येते. त्यानंतर, चार-पाच सेकंदांनी, कपाळाच्या आतल्या भागात जास्त रक्त येतं. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि ऑक्सिजन वापरला गेलेलं रक्त लाल रंगापलीकडचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. हा प्रकाश कवटीतून थोडा आत जातो आणि परत येतो. पट्टी कपाळाला बांधायची. ती वीजही टिपते आणि परत आलेला प्रकाशही. दोन्ही जुळले की पट्टी टिकटिकते आणि समजायचं, माणूस आतून दचकला.

आता एखादी गोष्ट जितकी जास्त माहीत, तितके अंदाज बरोबर येतात आणि तितकं दचकणं कमी. म्हणून दचकणं कमी झालं म्हणजे शिकणं झालं. शंभरातून दचकणं वजा करायचं, उरला तो बोधांक.

ज्या संशोधकांनी हे शोधलं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं होतं की दचकणं कमी होण्याची कारणं तीन. एक ज्ञान, दुसरं सवय, तिसरं दुर्लक्ष. कंपनीनं बुबुळांवर कॅमेरा लावला आणि तिसरं कारण निकालात काढलं. दुसऱ्याबद्दल ती काही बोलत नाही. पहिलं तिनं जाहिरातीत घातलं.

लेखी परीक्षा गेल्या. त्यांच्याबद्दल मला प्रेम नव्हतं, त्यात कॉप्या चालायच्या. आता मुली पट्ट्या बांधून पडद्यासमोर बसतात आणि रुग्णांच्या चित्रफिती बघतात. रक्तदाब कोसळलेला माणूस, झटका आलेलं बाळ, बाळंतपणानंतर रक्त जाणारी बाई. दचकली नाही ती पास. पहिलं वर्ष ठीक गेलं. दुसऱ्या वर्षी शिक्षक शहाणे झाले. परीक्षेतल्या फितींसारख्याच फिती ते वर्षभर रोज दाखवू लागले. बहुतेक मुलींचे बोधांक नव्वदीत गेले. रक्त जाणारी बाई पडद्यावर आली की मुली जांभया देतात. बोंद्रे हे आकडे फलकावर लावतात.

यशोधरा मेश्राम या मुलीचा बोधांक बावन्न होता.

सरासरीत साठच्या खाली राहिलेल्या मुलीला वर्षाअखेर सहायकांच्या वर्गात टाकतात. सहायक म्हणजे चादरी बदलायच्या, भांडी द्यायची, औषधाला हात लावायचा नाही. यशोधराला त्यातून वाचवणारी एकच गोष्ट होती, रजनीचा तास. त्याला पट्टी नव्हती. त्याचे गुण शिक्षक स्वतःच्या डोळ्यांनी देत असे आणि ते सरासरीत धरले जात. तो तास गेला की यशोधरा गेली.

मी तिला एकदा विचारलं, "तू इतकी दचकतेस कशाला? त्याच फिती तू वर्षभर पाहतेस."

"सर, मला त्या दर वेळी वेगळ्या दिसतात," ती म्हणाली. "ती बाळंतीण आहे न, तिच्या बाजूला तिची सासू उभी आहे. सासू बाळाकडं पाहतच नाही. काल पहिल्यांदा दिसलं. इतके दिवस मी काय पाहत होते?"

"परीक्षेत सासू विचारत नाहीत."

"माहीत आहे न सर. पण दिसली तर काय करू?"

रजनीच्या तासात अभ्यासक्रम असा काही नव्हता. मुलीनं एका रुग्णाजवळ स्टुलावर एक तास बसायचं. हातात पेन नाही, फोन नाही, रक्तदाबाचं यंत्र नाही. रुग्ण बोलला तर बोलायचं, नाही तर गप्प राहायचं. तास संपला की बाहेर व्हरांड्यात येऊन केसपेपरवर नसलेल्या तीन गोष्टी रजनीला सांगायच्या. एखादी मुलगी म्हणायची, "मॅडम, पेशंट शांत आहे." रजनी म्हणायची, "ते पलंगाबद्दलही म्हणता येतं. परत जा."

शेवटच्या दोन महिन्यांत तिला उठता येईना. तेव्हा तिनं मुलींना घरी बोलावलं आणि स्वतःच्या पलंगाजवळ बसवलं. मी नको म्हणत होतो. "एवढा चांगला पेशंट त्यांना कुठं मिळणार?" ती म्हणाली.

यशोधरा तिच्याजवळ बसली होती त्या दिवशी मी चहा घेऊन आत गेलो. तास संपल्यावर त्या पोरीनं माझ्यासमोरच सांगितलं, "मॅडम, सर आत आले की तुम्ही कण्हणं थांबवता. उजवी मूठ चादरीखाली नेता. सर गेले की मूठ बाहेर येते."

मी तिथेच उभा होतो, हातात ट्रे. रजनी हसली. हसताना तिला त्रास झाला, तरी हसली. "दोन गोष्टी झाल्या," ती म्हणाली. "तिसरी?"

"तिसरी म्हणजे, सरांना हे माहीत नव्हतं," यशोधरा म्हणाली.

आणि हा तास मोजता येत नाही म्हणून बंद करायचा, असं केतकी निमगावकर सांगत होती.

"तुम्ही उद्दिष्ट लिहा, सर. मी काही तास बंद करायला आलेली नाही," ती म्हणाली. "विद्यार्थिनी काय करेल?"

"माणसाकडे नीट बघेल."

"'नीट' कसं मोजणार?"

"तुम्ही आता माझ्याकडे बघताय तसं न बघणं म्हणजे नीट."

बोंद्रे मध्ये पडले. "धोटे सर, भावनेत नका जाऊ. एक ओळ तर लिहायची आहे. लिहून टाका न. नाही तर अभ्यासक्रम मंडळ काढून टाकेल विषय, मग मला म्हणू नका."

आठवड्याची मुदत होती. मी घरी बसून विचार केला. मला साहित्य येत नाही, पण पट्टी कशी चालते ते मला त्या दोघांपेक्षा जास्त कळतं. पट्टी दचकणं मोजते. ते कमी व्हावं असं तिचं म्हणणं नाही, ते कंपनीचं म्हणणं आहे. रजनी मुलींकडून काय मागत होती? तासाभरानंतरही त्या माणसाची सवय होऊ द्यायची नाही. मग मी लिहिलं:

'एकाच रुग्णाजवळ एक तास बसली असता विद्यार्थिनी पहिल्या दहा मिनिटांत जितकी दचकेल, शेवटच्या दहा मिनिटांत त्याहून कमी दचकणार नाही.'

क्रिया होती. माप होतं. वेळ होती. फक्त बाकी सगळ्या कॉलेजच्या उलट होतं. हे कोणाच्या तरी लक्षात येईल आणि निदान भांडण तरी होईल अशी माझी अपेक्षा होती. मंडळाची बैठक झाली आणि उद्दिष्ट मंजूर झालं. त्यांनी क्रियापद पाहिलं, आकडा पाहिला आणि पुढचं पान उलटलं. मूर्ख माणसं नियम पाळतात तेव्हा त्यांना फसवणं इतकं सोपं असतं की फसवल्याचा आनंदही होत नाही.

मला मात्र आनंद झाला होता. तास वाचला होता. पहिल्याच मोजणीत यशोधरा वर्गात पहिली आली. नव्वदवाल्या मुली दहा मिनिटांत सपाट झाल्या. माणूस समोर कण्हत होता आणि त्यांच्या पट्ट्या गप्प. मी तो निकाल बोंद्रेंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वरून खाली वाचला आणि विचारलं, "पहिली ही मेश्राम कोण?"

केतकीचा फोन आला. ती खूश होती. "सर, हे जबरदस्त आहे. सजगतेचं माप. आम्ही हे विभागातल्या सगळ्या कॉलेजांत नेतोय. 'धोटे निकष' असं नाव ठेवलंय."

"तो निकष माझ्या बायकोचा आहे."

"हो, हो. पण सादर तुम्ही केलाय न. नावाचं पुढं बघू."

पुढं तिनं काही बघितलं नाही.

दोन महिन्यांनी मुलींचे आकडे चढायला लागले. सगळ्यांचेच. मी आधी भोळेपणानं खूश झालो. मग एक दिवस पुरुषांच्या वॉर्डात गेलो. तिथे जांभुळे म्हणून एक म्हातारे होते. कोळसा खाणीत जन्म गेला, फुप्फुसात धूळ भरलेली, घरी जागा नाही म्हणून इथेच असायचे. मला पाहून त्यांनी जवळ बोलावलं.

"मास्तर, ह्या पोरी मले पाहून काहून दचकतेत?"

"म्हणजे?"

"येऊन बसतेत. गुमसुम. आन् मधातच अंगावर काटा आल्यावानी करतेत. मी काय मेलो का? मेलो असन तं सांगून टाका."

मी मुलींना एका खोलीत बोलावलं आणि विचारलं. त्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. शेवटी एकीनं सांगितलं. कोणाला तरी शोध लागला होता की रुग्णाकडे बघत असताना मानेवर पाल पडली असं मनात आणलं की पट्टी टिकटिकते. डोळे रुग्णावर, मन पालीवर. बुबुळाचा कॅमेरा खूश, पट्टी खूश. पाल जुनी झाली की झुरळ. झुरळानंतर विंचू. शेवटच्या दहा मिनिटांसाठी विंचू राखून ठेवायचा.

"आणि काका काय म्हणत होते ते कोण ऐकत होतं?" मी विचारलं.

"सर, ते ऐकलं की पाल जाते न," ती मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली.

वाटलं, यांना नर्स होऊ देण्यापेक्षा सर्कशीत पाठवावं. पण मुलींचा तिरस्कार करून काय उपयोग? त्यांना जे मोजाल ते त्या देतील. मोजायचं काय ते मी ठरवलं होतं.

यशोधरा त्या दिवशी खोलीत नव्हती. संध्याकाळी ती स्वतःहून आली.

"सर, मी पाल-बिल नाही करत," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"पण मलाही होऊन राहिलं काहीतरी. काल काकांजवळ बसले होते. त्यांची बोटं पाहिली, टोकाला फुगलेली. पट्टी वाजली. बरं वाटलं. मग दुसरं काय दिसते ते शोधत बसले. कान पाहिले, तळवे पाहिले. वाजली की बरं वाटायचं. त्या वेळात काका त्यांच्या भावाचं सांगत होते. खाणीत दबला तो. मी ऐकलंच नाही. शेवटी ते म्हणाले, जाऊ दे पोरी."

ती गेल्यावर मी अर्ज लिहिला. उद्दिष्ट मागे घेत आहे, विषय बंद करावा. रजनीच्या नावावर हा तमाशा चालण्यापेक्षा तो तास मेलेला बरा, असं मला वाटलं. सकाळी अर्ज घेऊन बोंद्रेंच्या खोलीबाहेर उभा होतो तर यशोधरा जिन्यावरून धावत आली. कोणीतरी तिला सांगितलं होतं.

"सर, खरंच परत घेऊन राहिले?"

"हो. तूच सांगितलंस न काल."

"मी सांगितलं ते तास बंद करा म्हणून नाही सांगितलं. तुम्ही हा अर्ज द्याल आन् मोकळे व्हाल. मी कुठं जाऊ?"

"तो रजनी मॅडमचा तास आहे, यशोधरा. त्याचं काय झालंय ते तू पाहिलंस."

"मॅडमचा आहे म्हणूनच म्हणते. मॅडम असत्या तर त्यांनी आधी मला पास केलं असतं. मग केलं असतं तुमच्या त्या तासाचं काय ते. तुमचं मन साफ राहावं म्हणून मी जन्मभर चादरी बदलू का?"

तिचा आवाज चढला होता. शिपाई बघत होता. वर्षभर मी समोरच्या प्रत्येकाला मनात शिव्या घातल्या होत्या. बोंद्रे, केतकी, मंडळ, नव्वदवाल्या मुली. या पोरीला घालता येईना. तिचं म्हणणं बरोबर होतं.

आतून बोंद्रेंनी हाक मारली. "कोण आहे? धोटे सर का? या न."

मी आत गेलो.

"काही काम?"

"काही नाही," मी म्हणालो. "धोटे निकष कसा चाललाय ते विचारायला आलो होतो."

"उत्तम! सगळीकडून मागणी आहे. तुम्ही एक व्याख्यान द्या पुढच्या महिन्यात."

"देतो," मी म्हणालो.

आणि दिलं. पाच कॉलेजांचे शिक्षक होते. सजगता म्हणजे काय, ती कशी मोजावी, सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. शेवटी आभार मानले गेले. रजनीचं नाव मी दोनदा घेतलं, तेव्हा कोणी लिहिलं नाही. पालीचं मी सांगितलं नाही. ते त्यांच्या मुली शोधून काढतीलच.

यशोधरा वर्षाअखेर पास झाली. सगळं मिळून तिची सरासरी एकसष्ट आली. तिच्या खालच्या तीन मुली सहायकांच्या वर्गात गेल्या. त्या तिघींपैकी एक तरी बरी नर्स झाली असती का, हे आता कोणाला कळणार नाही. कारण ते मोजलेलं नाही.

निकालानंतर पट्ट्या कंपनीकडे दुरुस्तीला गेल्या. त्या आठवड्यात मी सहज वॉर्डात गेलो. जांभुळेंच्या पलंगाजवळ यशोधरा स्टुलावर बसली होती. तिची ड्यूटी दुसऱ्या मजल्यावर होती आणि ती संपली होती. कपाळ मोकळं होतं. हात मांडीवर होते. जांभुळे काहीतरी बोलत होते, मध्येच थांबत होते, दम घेत होते. दम घेईपर्यंत ती थांबत होती.

मला बरं वाटलं. मी पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. ती थोडी सरळ बसली. जांभुळेंच्या हाताकडे पाहिलं, मग पायांकडे, मग माझ्याकडे.

"काय दिसलं?" मी विचारलं.

ती हळू आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही जा न."

"का?"

"तुम्ही उभे असले की मी तुम्हाला सांगायसाठी पाहते."

जांभुळेंनी मान वळवली. "जा न मास्तर," ते म्हणाले. "पोरगी बसली हाय माह्याजवळ. तुमचं काय काम?"

माझं काही काम नव्हतं. मी बाहेर आलो. दार ओढून घेतलं. व्हरांड्यात थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर ती बाहेर आल्यावर विचारलं असतं. सरळ घरी आलो.

त्या तासाभरात तिनं काय पाहिलं ते मला माहीत नाही. नंतरही तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.